श्वास मोठा नको, संथ हवा

२०२१च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या लाटेत, नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंत आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर घरोघरी ऑक्सिमीटर आला. ज्यांनी आयुष्यात कधी स्वतःची नाडी मोजली नव्हती, त्यांनाही ९४ हा आकडा पाठ झाला. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि २०हून अधिक रुग्ण दगावले. प्राणवायू म्हणजे काय, हे जिल्ह्याला त्या दिवसांनी फार महागात शिकवले.

तेव्हापासून आपल्याकडे 'ऑक्सिजन वाढवण्याचे व्यायाम' जोरात आहेत. पहाटे फिरायला गेलेली मंडळी छाती फुगवून जोरजोरात श्वास घेताना दिसतात. मोबाइलवर रोज कुणी ना कुणी नवा प्रकार पाठवतो. बाजार समितीत रात्रभर गाड्या उतरवणाऱ्यापासून परीक्षेला बसलेल्या मुलापर्यंत सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: मोठा श्वास घ्या, भरपूर ऑक्सिजन मिळेल. श्वासाचे व्यायाम करावेत, यात शंका नाही. पण हा सल्ला अर्धाच बरोबर आहे, आणि चुकीच्या अर्ध्यापायी काही जण खऱ्या उपचाराला उशीर करतात. म्हणून श्वास काय करू शकतो आणि काय नाही, हे नीट समजून घेऊ.

रक्तात जागा किती उरते?

आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बाहेर सोडलेल्या हवेतही तो सुमारे १६ टक्के उरलेला असतो. म्हणजे आत आलेल्या प्राणवायूपैकी साधारण पाव भागच शरीर घेते, बाकीचा परत जातो. बसल्या जागी शरीराला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू पुरतो, आणि तेवढा साध्या श्वासातून आरामात मिळतो.

रक्तात हा प्राणवायू वाहून नेते हिमोग्लोबिन. १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल, तर ते साधारण २० मिलिलिटर प्राणवायू धरते. रक्ताच्या पाण्यात नुसता विरघळलेला प्राणवायू जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन साध्या श्वासातही ९७-९८ टक्के भरलेले असते. नाशिकचा हा पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, पण एवढ्या उंचीने त्यात फारसा फरक पडत नाही. टोमॅटोचा क्रेट काठोकाठ भरला की वरून कितीही ओता, जास्तीचा माल खालीच घरंगळणार. रक्ताचेही तसेच आहे. निरोगी माणसाने कितीही जोराने श्वास घेतला तरी उरलेल्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त भर पडायला जागाच नसते.

लोणावळ्यात झालेली मोजदाद

श्वासाच्या व्यायामाने जादा प्राणवायू मिळत नाही, ही गोष्ट परदेशातून कुणी सांगायची गरज नव्हती. महाराष्ट्रातच ती जवळजवळ १०० वर्षांपूर्वी मोजली गेली.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३चा. बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे त्यांनी व्यायामविद्या शिकली, खानदेशात अमळनेरला शिक्षणाचे काम केले आणि नर्मदाकाठी माळसर येथे परमहंस माधवदासांकडून योग घेतला. गुरूंकडून मिळालेले जसेच्या तसे पुढे देऊन ते थांबले नाहीत. योगाच्या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हे त्यांना यंत्रांनी तपासायचे होते. बडोद्यात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रिया चालू असताना क्ष-किरणांनी पाहणी केली. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब कमी होऊन पोकळी तयार होते, हे मोजून त्या पोकळीला त्यांनी गुरूंचे नाव दिले. १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे संशोधनाचे त्रैमासिकही निघाले.

प्राणायामाने शरीरात जादा प्राणवायू भरला जातो, हा समज तेव्हाही होता. कुवलयानंदांनी त्याची शहानिशा केली आणि तो बरोबर नाही, असे स्पष्ट लिहिले. सावकाश आणि रोखून केलेल्या प्राणायामात तेवढ्याच वेळात नेहमीच्या श्वसनापेक्षा जास्त प्राणवायू शोषला जात नाही. प्राणायामाचे मोल दुसरीकडे आहे, पोटातल्या आणि छातीतल्या दाबाच्या बदलांत आणि मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात, असे त्यांचे म्हणणे होते. योगाचा प्रचार हे ज्यांचे जीवनकार्य होते, त्यांनीच लोकांना आवडणारा दावा नाकारला. हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो, आणि योग शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो आधी शिकावा असे वाटते.

आपल्या नाशिकलाही ही परंपरा जवळची आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना दीक्षा दिली, असे वारकरी मानतात. श्वासावर ताबा हा नाथपंथाच्या साधनेचा गाभा आहे. अलीकडच्या काळात विश्वास मंडलिक यांनी नाशिकमध्ये योग विद्या धाम उभे केले आणि तिथे शिकलेल्या शिक्षकांनी प्राणायाम गावोगावी नेला. शिकवणारे जवळ असताना मोबाइलवरच्या तुकड्यांवरून शिकण्याचे कारण नाही.

सहा श्वास आणि चोवीस श्वास

मग संथ श्वासाने काहीच वाढत नाही का? वाढते, पण वेगळ्या वाटेने. त्याचे गणित सोपे आहे.

नाकापासून श्वासनळीच्या फांद्यांपर्यंतची जागा नुसता रस्ता आहे. तिथे सुमारे १५० मिलिलिटर हवा अडकते आणि तिच्यातून रक्ताला काही मिळत नाही. खरी देवघेव होते वायुकोशांत. दोन्ही फुफ्फुसांत मिळून असे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. साधा श्वास सुमारे ५०० मिलिलिटरचा. मिनिटाला १२ श्वास घेतले तर ६ लिटर हवा आत येते, त्यातली ४.२ लिटर वायुकोशांपर्यंत पोहोचते. आता तीच ६ लिटर हवा २५० मिलिलिटरच्या २४ उथळ श्वासांनी घ्या. वायुकोशांना मिळते फक्त २.४ लिटर, बाकी रस्त्यातच फिरून बाहेर. आणि तीच हवा एक-एक लिटरच्या ६ संथ श्वासांनी घेतली, तर वायुकोशांपर्यंत ५.१ लिटर जाते.

घाबरलेला, चिडलेला किंवा खुर्चीत वाकून बसलेला माणूस उथळ आणि भराभर श्वास घेतो. त्याच्या छातीचे, मानेचे आणि खांद्याचे स्नायू उगाच राबतात. संथ श्वासात काम करते ते श्वासपटल. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटाकार स्नायू खाली सरकला की पोट पुढे येते आणि फुफ्फुसांच्या तळाशी हवा पोहोचते. तळाच्या भागात रक्ताचा पुरवठाही जास्त असतो. थोडक्यात, कमी कष्टात तेवढेच काम होते.

ज्यांचे हृदय अशक्त झाले आहे अशा रुग्णांमध्ये मिनिटाला सहा श्वासांच्या सवयीने रक्तातील प्राणवायूची पातळी थोडी सुधारते, असे इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवले. म्हणजे जिथे मुळात कमतरता होती, तिथे संथ श्वासाने ती काही अंशी भरून निघाली.

शांतपणा कुठून येतो?

श्वासाचा हृदयावर होणारा परिणाम बोटांना जाणवतो. उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा आणि नाडी सापडली की सावकाश श्वास घ्या. श्वास आत येताना ठोके किंचित भराभर पडतात, सोडताना लांबतात. तरुणांमध्ये हा फरक चांगला जाणवतो, वय वाढते तसा तो कमी होतो.

मेंदूतून निघून हृदय, फुफ्फुसे आणि पोटापर्यंत जाणारी मज्जासंस्थेतली व्हेगस नावाची चेता हे घडवते. हृदयाची गती आवरणे हे तिचे एक काम. उच्छ्वासाच्या वेळी तिचा अंमल वाढतो, श्वास घेताना कमी होतो. म्हणून श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवला की हृदयाला आराम मिळतो. मिनिटाला साधारण सहा श्वासांच्या लयीत हृदयाचे ठोके आणि रक्तदाबाची चढउतार एकमेकांशी जुळतात आणि रक्तदाब सावरणारी यंत्रणा अधिक तत्पर होते.

याच बर्नार्डींनी २००१मध्ये आणखी एक सुंदर गोष्ट प्रसिद्ध केली. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि योगातील मंत्र, दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येतो. आपल्याकडे हरिपाठ, नामजप, भजन म्हणणाऱ्यांना जो निवांतपणा येतो, त्यात श्रद्धेबरोबर या लांबलेल्या उच्छ्वासाचाही वाटा असणार, असे मला वाटते.

भ्रामरीत, म्हणजे गुणगुणत श्वास सोडण्याच्या प्राणायामात, आणखी एक गोष्ट घडते. नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. तो रक्तवाहिन्या सैल करतो. ओठ मिटून गुणगुणल्यास नाकातून बाहेर पडणाऱ्या या वायूचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट होते, असे स्वीडनमधील वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२मध्ये मोजले. तोंडाने श्वास घेणाऱ्यांना नाकाचा हा फायदा मिळत नाही. धूळ गाळणे, हवा ऊबदार आणि ओलसर करणे, हीही कामे नाकच करते. थंडीत निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो, तेव्हा दमेकऱ्यांनी तर नाकावर रुमाल धरून नाकानेच श्वास घ्यावा.

कसे करावे?

सतरंजीवर उताणे पडा, दोन्ही गुडघे दुमडून घ्या. एक तळवा छातीवर, दुसरा बेंबीच्या वर. नाकाने श्वास घ्या. बेंबीवरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळपास स्थिर. पहिले काही दिवस बहुतेकांचा उलटाच हात हलतो. घाई करू नका, पोट मुद्दाम फुगवू नका. खांदे आणि जबडा सैल सोडले की पोट आपोआप हलू लागते.

हे जमले की मोजणी सुरू करा. मनात एक ते चार म्हणत श्वास घ्या, एक ते सहा म्हणत सोडा. एक अंक एक सेकंदाचा धरला तर दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. सहापर्यंत सोडताना ओढाताण होत असेल तर तीन आणि चार करा. पाच मिनिटांपासून सुरुवात करून दहा मिनिटांपर्यंत जा. नंतर हेच बसून करा, नंतर गाडीवर लिलावाची वाट पाहतानाही करता येते.

अनुलोम-विलोम करायचा असेल तर पाठ ताठ ठेवून बसा. उजव्या अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने श्वास घ्या. अनामिकेने डावी बंद करून उजवीने सोडा, उजवीनेच घ्या, डावीने सोडा. श्वास रोखून धरण्याचा कुंभक शिक्षकाशिवाय करू नका. 'हठप्रदीपिके'तही श्वास हळूहळू, धीराने वश करावा, नाहीतर तो साधकालाच अपाय करतो, असा इशारा आहे. भ्रामरीसाठी श्वास घेऊन, ओठ मिटून, सोडताना गुणगुणावे. झोपेआधी पाच-सात वेळा पुरेसे आहे.

जागाही नीट निवडा. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत डावणी-भुरीच्या फवारण्या सुरू असतात आणि भल्या पहाटे ब्लोअर फिरत असतो. अशा बागेच्या बांधावर दीर्घ श्वसन करणे म्हणजे औषध फुफ्फुसांच्या तळापर्यंत नेणे. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला, शेकोटीच्या धुरात किंवा कांदाचाळीत धूळ उडत असतानाही नको. त्यापेक्षा खिडकी असलेली घरातली खोली बरी.

जोरदार श्वासाचा धोका

श्वास घेण्याची ओढ आपल्याला मुख्यतः प्राणवायू घटल्याने लागत नाही, कार्बन डायऑक्साइड वाढल्याने लागते. भराभर, जोरात श्वास घेत राहिले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. शिवाय अशा रक्तात हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरून ठेवते, सहज सोडत नाही. डेन्मार्कचे क्रिस्तियान बोर यांनी हा परिणाम १९०४मध्ये दाखवला. म्हणजे दम लागेपर्यंत श्वास घेणाऱ्याच्या मेंदूला प्राणवायू उलट कमी पोहोचतो. काही जण त्या चक्करेलाच 'ऑक्सिजन चढला' असे समजतात.

यातला सर्वांत घातक प्रकार विहिरीवर घडतो. जास्त वेळ पाण्याखाली राहता यावे म्हणून मुले बुडी मारण्याआधी दहा-बारा जोरदार श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड इतका खाली जातो की वर येण्याची ओढच लागत नाही. प्राणवायू संपतो आणि मुलगा पाण्याखाली बेशुद्ध होतो. पोहता येणारी मुले यात दगावतात. सुट्टीत मुले विहिरीवर किंवा कॅनॉलवर जात असतील तर त्यांना हे समोर बसवून सांगा.

कपालभाती आणि भस्त्रिका याच जोरदार गटातल्या. हठयोगाच्या ग्रंथात कपालभाती प्राणायामात नसून शुद्धिक्रियांत मोडते. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, गर्भारपण, हर्निया, फेफरे, काचबिंदू किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर या दोन्ही टाळाव्यात.

प्राणवायू खरोखर कमी पडतो तेव्हा

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे प्राणवायू कमी पडण्याचे एक मोठे कारण श्वासात नसून रक्तात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन १५ऐवजी ७.५ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात २०ऐवजी १० मिलिलिटरच प्राणवायू मावतो. आणि ऑक्सिमीटर तरीही ९८ दाखवतो, कारण तो फक्त एवढेच सांगतो की जेवढे हिमोग्लोबिन आहे ते किती भरले आहे. टोमॅटोची प्रतवारी करताना, बागेत थिनिंग करताना किंवा नुसता जिना चढतानाही जिला धाप लागते, तिला मोठ्या श्वासाचा सल्ला देऊन उपयोग नाही. तिची रक्ततपासणी करा, लोहाच्या गोळ्या द्या, कारण शोधा.

वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात बसलेल्या आणि विडी ओढणाऱ्या माणसांच्या श्वासनळ्या अरुंद झालेल्या असतात. त्यांना हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे जड जाते. त्यांनी नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून सावकाश सोडावा. त्याने श्वासनळ्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. श्वासावाटे ओढायचे औषध मात्र चालूच ठेवावे. दम्याचा पंप प्राणायामामुळे बंद करणे जिवावर बेतू शकते. शस्त्रक्रियेनंतर तीन चेंडूंचे स्पायरोमीटर देतात, तेही फुफ्फुसांच्या तळाचे मिटलेले वायुकोश उघडण्यासाठीच. कोरोनात पालथे झोपवत, त्यानेही फुफ्फुसांच्या पाठीकडच्या दबलेल्या भागात हवा खेळायची.

फवारणीनंतर छाती भरली, लाळ आणि घाम सुटला, बुबुळातली बाहुली बारीक झाली तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली घेऊन रुग्णालय गाठा. तोंडाला बांधलेला रुमाल विषारी वाफ अडवत नाही, त्यासाठी फिल्टरचा मास्क लागतो. ऑक्सिमीटर ९४च्या खाली गेला, ओठ निळसर पडले, छातीत दुखले किंवा एक वाक्य सलग बोलता येईना, तरीही वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आणि शरीराची प्राणवायू वापरण्याची ताकद वाढवायची असेल तर त्याला झपझप चालण्याशिवाय, सायकलीशिवाय, अंगमेहनतीशिवाय पर्याय नाही. हृदय जोरकस होते, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात आणि तेवढ्याच श्वासातून शरीर अधिक प्राणवायू घेते.

तेव्हा वाचकांनो, एक करा. घरातल्या बायकांचे हिमोग्लोबिन या महिन्यात तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. मग महिनाभर रोज दहा मिनिटे संथ श्वास करा. पहिल्या दिवशी सकाळी उठल्यावर मिनिटाला किती श्वास आणि नाडीचे किती ठोके पडतात ते वहीत लिहा, शेवटच्या दिवशी पुन्हा लिहा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती तशीच ठेवा, पण दाबाचा आकडाही शेजारी मांडा. फरक पडला तर तो वहीत दिसेल, नाही पडला तर डॉक्टरांना दाखवायला तीच वही उपयोगी पडेल.